रुक्माकाकूंचे डोहाळे

रुक्माकाकू कुणाच्या घरात पुढच्या दाराने कधी आल्या नाहीत. केस काढलेली, तांबडं आलवण नेसलेली विधवा सकाळी समोर आली की माणसं चपला काढून पुन्हा घरात जाऊन बसायची, असा तो काळ. म्हणून त्या मागच्या दाराने यायच्या. पण अंग चोरून येणारी बाई ती नव्हे. मागच्या दाराला लागून स्वयंपाकघर असतं, आणि त्यांना जायचं असायचं ते तिथंच. आल्या की सरळ चुलीपाशी. भांड्यांवरची झाकणं उचलून बघायच्या, टोपल्यात भाकरी किती उरली ते बघायच्या, आणि मग सासूकडे वळून विचारायच्या, "सून काय जेवली?"

या एका प्रश्नाला बोरीतल्या सगळ्या सासवा वचकून असत.

मी पालमहून लग्न होऊन बोरीला आले तेव्हा काकू पन्नाशीच्या आसपास होत्या. आमचे यजमान शाळेत मास्तर. निजामाचं राज्य, म्हणून दिवसभर सरकारी उर्दूत शिकवायचे आणि संध्याकाळी ओसरीवर मुलांकडून मराठी बाराखडी घोटून घ्यायचे. आमच्या भिंतीला भिंत लावून बापूरावांचं घर, आणि त्या घराच्या मागच्या खोलीत काकू. बापूराव त्यांचे धाकटे दीर. गावची भिक्षुकी त्यांच्याकडे होती. काकूंचं माहेर झरीचं. वडील तिथले नावाजलेले वैद्य. त्यांना मुलगा नव्हता. ते वैद्यकाची पोथी मोठ्यानं वाचायचे आणि काकू खलबत्त्यात मुळ्या कुटत ऐकायच्या. वाचता यायचं नाही, पण वडिलांनी एखादी ओळ गाळली तर कुटता कुटता हात थांबायचा, असं त्याच सांगत.

गावात ताप-खोकल्याला त्या औषध देत नसत. पुरुषमाणूस दारात आला तर "तुमच्यासाठी वैद्य लय हायत" म्हणून परत पाठवायच्या. त्यांना काम फक्त पोटुशा बायकांशी. चाहूल लागल्यापासून सव्वा महिन्याची ओली बाळंतीण उठेपर्यंत ती बाई त्यांची. आणि त्यांचं औषध म्हणजे बहुतेक अन्नच. अमक्या महिन्यात दूध, तमक्या महिन्यात लोणी, पुढं तूप, आठव्यात तुपातली पेज, नवव्यात कंबरेला कोमट तेल, असा त्यांचा क्रम ठरलेला होता. पोथीत तांदळाची पेज लिहिली होती. आमच्या ज्वारीच्या मुलखात तांदूळ सणावारी. काकूंनी पोथीत आपल्यापुरता बदल करून घेतला होता. "तांदूळ नसंल तर ज्वारीच्या कण्या शिजवा. पोराला काय कळायलंय कशाची पेज हाय ते," असं म्हणायच्या. ओढ्याकाठच्या काटेरी वेलीखाली बसून शतावरीच्या मुळ्या स्वतः खणायच्या आणि दुधात उकळून द्यायच्या. दूध नसलेल्या घरी कुणाच्या तरी शेळीचं दूध आणून ठेवायच्या. कुणाच्या, ते सांगायच्या नाहीत.

गोड बोलणं त्यांना जमत नसे. बाईच्या घोट्यावर अंगठा दाबून धरायच्या, उचलायच्या, आणि पडलेला खळगा भरून यायला किती वेळ लागतो ते बघत बसायच्या. त्या वेळी कुणी बोललेलं चालायचं नाही. मिश्री लावत, ती थुंकायला उठायच्या तेव्हा मात्र सगळं अंगण आपलं असल्यासारख्या चालायच्या. एखाद्या सासूनं "आमची सून लय गुणाची" म्हटलं की यांच्या कपाळाला आठी. "गुणाची म्हणजे मुकी ना?" असं तिथल्या तिथं विचारायच्या.

आणि एक गोष्ट सगळ्यांना विचित्र वाटायची. मूल जन्मलं की त्यात त्यांचा जीव नसायचा. बायका टोपडं सारून तोंड दाखवायच्या, हिचं नाक बघा, बापावर गेलंय, असं चालायचं. काकू त्या घोळक्याला पाठ करून बाळंतिणीच्या उशाशी. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "पोराकडं बघायला गाव हाय. बाईकडं कोण बघायलंय?"

डोहाळजेवणाला त्यांना बोलावणं नसायचं. शुभकार्यात विधवेची सावली नको. जिला त्यांनी सहा महिने हाताखाली सांभाळलं तिलाच हिरवं लुगडं नेसवून, फुलांचे दागिने घालून मिरवायच्या दिवशी त्या गावात दिसू नयेत अशी अपेक्षा. त्या ओढ्यावर जायच्या. माझ्या वेळी मात्र गेल्या नाहीत. बायकांची गाणी संपेनात, मी पाटावर ताठ बसून कंबर धरलेली, आणि मागच्या दारातून त्यांचा आवाज आला, की गाणी झाली असतील तर पोरीला आडवं करा, न झाली असतील तरी करा. आमच्या सासूबाईंचा चेहरा पडला. पण मला आडवं केलं.

देशमुखांच्या कमळची गोष्ट त्याच सुमाराची.

देशमुखांचं घर मोठं. गडीमाणसं, गुरंढोरं, रोजची पंगत. कमळ तिथली धाकटी सून. तिचा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता. सगळ्यांचं झाल्यावर ती जेवायची, तेव्हा चूल विझलेली असायची आणि टोपल्यात राहिलेली भाकरी वातड झालेली असायची. चौथा लागला तरी अंगावर मांस नाही, डोळे आत. देशमुखीणबाई सांगत की घरात काय कमी आहे, हिलाच जात नाही.

काकूंनी घोटा दाबून बघितला, पापणी ओढून बघितली, आणि देशमुखीणबाईंना समोर बसवून शास्त्र सांगितलं. चौथ्या महिन्यात पोराला काळीज फुटतं. तेव्हापासून बाईच्या अंगात दोन काळजं असतात. तिला जे हवंसं वाटतं ते पोराला हवंसं वाटतं, आणि ते मोडलं तर पोरात व्यंग येतं. हे माझं म्हणणं नाही, ऋषींचं आहे, असं त्यांनी बजावलं. मग कमळला विचारलं, तुला काय खावंसं वाटतं.

मी तिथंच होते, दळण घेऊन गेले होते. देशमुखीणबाईंना वाटलं असेल की चिंचा मागेल, फार तर श्रीखंड. कमळ जमिनीकडे बघत म्हणाली, "तव्यावरची गरम भाकरी."

देशमुखीणबाई म्हणाल्या, हा कसला डोहाळा. काकू म्हणाल्या, "डोहाळा कसला ते पोटातलं सांगतं. आपण द्यायचं."

झालं. नातवाच्या जिवाचा प्रश्न. त्या दिवसापासून देशमुखांच्या घरात पुरुषांच्या पंगतीआधी, तव्यावरून उतरलेली पहिली भाकरी सुनेच्या ताटात पडू लागली. वर लोण्याचा गोळा. काकू पहिले काही दिवस समोर बसून राहिल्या, शेवटचा घास पोटात जाईपर्यंत.

गंमत पुढंच आहे. ही बातमी आडावर गेली, आणि त्या हंगामात बोरीतल्या एकूण एक पोटुशीला गरम भाकरीचा डोहाळा लागला. कुणब्याच्या, माळ्याच्या, वाण्याच्या, सगळ्या घरांत. सासवा म्हणायच्या, ही काय साथ आली. मलाही लागला होता, हे इथं सांगायला हरकत नाही. काकूंना विचारलं तर त्या शांतपणे सांगायच्या, की एकेका वर्षी असं होतं.

पण त्यांना सगळं येतं असं त्यांनी कधी भासवलं नाही. तेल्याच्या बायकोचं तोंड सुजलं, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यापुढं काजवे चमकायला लागले, तेव्हा काकूंनी घोट्यावरचा अंगठा उचलला आणि म्हणाल्या, माझं इथं संपलं, हिला परभणीच्या दवाखान्यात न्या. तेली तयार होईना. तिथं परका पुरुष डॉक्टर अंगाला हात लावणार. काकू उठल्या. अंगणातल्या बैल सोडलेल्या गाडीत चढून बसल्या आणि उतरायचं नाव काढीनात. ऊन चढलं, माणसं जमली, तरी बसलेल्या. शेवटी तेल्यानं बैल जोडले. मूल गेलं, बाई परत आली. गावात कुजबूज झाली की काकूंचं औषध हरलं. त्यांच्या कानावर गेल्यावर म्हणाल्या, "हरलं तर हरलं. बाई चालत घरी आली का नाही?"

आता त्यांच्या आयुष्यातलं मोठं प्रकरण सांगते.

निजामाच्या राज्यात अंमलदार दौऱ्यावर आला की गावाला वेठ लागे. गावाबाहेरच्या आमराईत राहुट्या पडायच्या आणि गावचा राखणदार येसकर घरोघर हाळी द्यायचा. कुणी पाणी भरायचं, कुणी सरपण आणायचं, कुणी घोड्यांना गवत. मजुरी नाही, नाही म्हणायची सोय नाही. आणि याचा भार सगळ्यात जास्त गावकुसाबाहेरच्या वस्तीवर. एका दौऱ्यात गवताची पाळी आली धुरपदावर. धुरपदाला आठवा महिना. आधीची दोन पोरं पोटातच गेलेली. तिचा नवरा पाटलाच्या मळ्यात कामाला गेला होता, आणि येसकर म्हणाला घरातलं कुणीतरी आलंच पाहिजे.

काकू त्या वस्तीत जात हे गावाला माहीत होतं. बापूराव माहीत नसल्यासारखं करत. त्या परत आल्या की न बोलता अंघोळीचं पाणी दाखवत, आणि काकू न बोलता अंघोळ करत. तेवढ्यावर मिटलं होतं. त्या दिवशी काकू धुरपदाच्या झोपडीत होत्या. ती विळा शोधायला उठली, तर यांनी तिला खाली बसवलं. आठव्या महिन्यात बाईचा जीव कधी आईत तर कधी पोरात, असा हेलकावे खातो. ओझं नको, हिसका नको, असं त्यांचं म्हणणं. धुरपदा म्हणाली, "काकू, म्या गेले न्हाई तर मालकाला चावडीत बसवून घेतील. मारतील त्याला."

काकूंनी तिच्या हातातला विळा घेतला.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. भर दुपारी गावाच्या मधल्या रस्त्यानं, मारुतीच्या पारासमोरून, रुक्माकाकू चालल्या होत्या. आलवणाचा काचा मारलेला, आणि डोक्यावर ओल्या गवताचा भारा. भारा मोठा होता, मान कापत होती. पण पाऊल नेहमीचंच, घाई नाही. पारावरची माणसं उठून उभी राहिली. कुणी तरी धावत बापूरावांकडे गेलं. बापूराव आले, हात जोडले, म्हणाले वहिनी, खाली ठेवा, मी गडी लावतो. काकूंनी विचारलं, गडी तुम्ही नेला की त्याच्या घरची पाळी त्याच्या बायकोवरच ना. आणि पुढं निघाल्या.

आमराईत पाटील होते, त्यांची बोबडी वळली. अंमलदारानं विचारलं ही म्हातारी कोण. भटाची विधवा आहे म्हटल्यावर तो चपापला. उद्या वर काही गेलं तर नसती भानगड नको असं त्याला वाटलं असावं. तिला घरी पाठवा, म्हणाला. काकूंनी भारा घोड्यांपुढं सोडला, पदरानं तोंड पुसलं आणि पाटलांना सांगितलं, की धुरपदाची पाळी मी केली. उद्याचीही करीन. गावात आणखी चार पोटुशा आहेत, त्यांच्याही पाळ्या आल्या तर कळवा.

दुसऱ्या दिवशी चावडीवरून येसकराला हुकूम गेला, पोटुशी बाई आणि ओली बाळंतीण यांना वेठीला बोलवायचं नाही. असा कागद कुठं झाला नाही. पण पुढं निजामी जाईपर्यंत बोरीत तो हुकूम मोडला गेला नाही.

त्याची किंमत मात्र काकूंकडून वसूल झाली. गावकुसाबाहेरच्या घरचं काम भटाच्या घरातल्या विधवेनं डोक्यावर वाहिलं. बापूरावांना सत्यनारायणाची बोलावणी बंद झाली. ब्राह्मणआळीची बैठक बसली आणि ठरलं, की काकूंनी प्रायश्चित्त घ्यावं, नाहीतर त्यांच्या हातचं पाणी बंद. बापूराव वाईट माणूस नव्हते. पोराबाळांचा संसार होता. ते मागच्या अंगणात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, वहिनी, पंचगव्य घ्या, एक दिवस उपास करा, विषय संपवा. आमच्या भिंतीपलीकडे सगळं ऐकू येत होतं.

काकू खल करत होत्या. तो थांबला.

"तुमचे भाऊ गेले तेव्हा मला सहावा होता," त्या म्हणाल्या. "याच घरात मला कोपऱ्यात बसवलं. केस काढले. सुतकात अन्न तोडलं. थंडीत जमिनीवर निजवलं. विधवेला डोहाळे नसतात म्हणाले. पोर गेलं. त्याचं प्रायश्चित्त घरात कुणी घेतलं, बापूराव? मला आठवत नाही. तुमाला आठवतंय का?"

बापूराव त्या वेळी लहान असणार. त्यांची पावलं अंगणातून घरात गेलेली ऐकू आली. मग खल पुन्हा सुरू झाला.

त्याच आठवड्यात त्या खोलीतून निघाल्या. तेल्यानं आपल्या परसातलं छप्पर दिलं, तिथं राहिल्या. गावाच्या आडावर त्यांचा पोहरा चालेना, ओढ्यावरून पाणी आणायच्या. धुरपदानं जिवंत मुलगी जन्माला घातली होती. तिचा नवरा सरपणाची मोळी कुंपणाला टेकवून जायचा. बाकी वरच्या आळीतली दारं बंद झाली. मागचीसुद्धा. आमचे यजमान म्हणाले सरकारी नोकरी आहे, जपून. मी जपूनच होते. कुंपणापाशी उभी राहून बोलायचे तेवढंच. काकूंनी कधी तक्रार केली नाही. त्यांना एकच हुरहूर होती, अमकीचा सातवा लागला असेल, तिचे पाय बघायला कोणी नाही.

मग कमळला पुन्हा दिवस गेले.

ही कमळ पहिली राहिली नव्हती. गरम भाकरीवर एक मुलगा झाला होता. चौथा महिना लागला तशी देशमुखीणबाईंनी कौतुकानं विचारलं, या वेळी काय हवं. कमळ म्हणाली, "रुक्माकाकूंच्या हातची कण्याची पेज."

देशमुखीणबाई म्हणाल्या, दुसरं काही माग. कमळ म्हणाली की मी कुठं मागते आहे, पोटातलं मागतं आहे. आणि जेवणाचं ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशीही सरकवलं. नवऱ्यानं समजावलं, सासऱ्यांनी आवाज चढवला. ती मान खाली घालून, पूर्वीसारखीच हळू आवाजात, तेच सांगायची. दोन काळजं असलेल्या बाईचं मन मोडलं तर काय होतं, ते तिला सांगायची गरज नव्हती. देशमुखीणबाईंनी ते शास्त्र स्वतः गावभर सांगितलेलं होतं.

शेवटी देशमुखीणबाई स्वतः निघाल्या. दासीबरोबर निरोप धाडला असता तर काकू आल्या नसत्या, हे त्यांना ठाऊक होतं. तेल्याच्या परसात जाऊन, पदर नीट घेऊन उभ्या राहिल्या. आत बोलावण्याची वाट बघत. काकूंनी थोडी वाट बघायला लावली, असं तेलीण सांगते. मग दोघी मिळून वरच्या आळीतून आल्या. देशमुखांच्या मागच्या दाराकडे काकू वळल्या, तर देशमुखीणबाईंनी त्यांना पुढच्या दाराकडे बोलावलं. काकू म्हणाल्या, नको, चूल इकडं जवळ पडते.

देशमुखांच्या सुनेनं ज्यांच्या हातची पेज खाल्ली त्यांच्या हातचं पाणी बंद कोण ठेवणार. महिन्याभरात सगळी दारं उघडली. बापूराव त्यांना घरी न्यायला आले, पण त्या गेल्या नाहीत. तेल्याच्या परसात ऊन चांगलं येतं, मुळ्या वाळतात, एवढंच कारण सांगितलं.

निजामीच्या शेवटच्या वर्षात दिवस वाईट आले. निजामाच्या टोळ्यांनी आज हे गाव लुटलं, उद्या ते जाळलं, अशा बातम्या यायच्या. उन्हाळा सरता सरता बोरीतल्या पुष्कळ घरांनी वऱ्हाडात निघून जायचं ठरवलं. निजामी अंमलाची सरहद्द ओलांडली की जीव वाचला, असं सगळे म्हणत. गाड्यांची रांग लागली. आमची त्यात चौथी की पाचवी. सगळ्यात पुढं सुताराची गाडी, तिच्यात त्याची बायको तानी. तिचे दिवस भरत आले होते. काकूंना तिला हलवणं मान्य नव्हतं, आणि मागं ठेवणं तर त्याहून नाही. त्यांनी गाडीतली पेटी, हत्यारं, दाण्याची पोती सगळं उतरवायला लावलं. खाली हातभर कडबा, वर वाकळा, मग तानी.

तानी पुढं वऱ्हाडात सुखरूप बाळंत झाली. काकू तिच्याजवळच राहिल्या आणि पुढच्या हिवाळ्यात तिकडेच वारल्या, असं नंतर कळलं. आम्ही अर्ध्या वाटेवरच्या फाट्यावरून नणंदेच्या गावाकडे वळलो. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या वाटेवरच.

गाडीवाट अरुंद, दोन्ही अंगांना खोल चर. एक गाडी जाईल एवढीच जागा. आणि सुताराच्या बैलांच्या पुढं, कासऱ्याला हात लावून, रुक्माकाकू चालत होत्या. खड्डा आला की थांबायच्या, बैलांना थोपवायच्या, चाक हळूच उतरवून घ्यायच्या आणि पुन्हा चालायच्या. बैलांनी पाऊल उचललं की मागं दाबायच्या. त्यांच्यामागं अख्खं गाव खोळंबलं होतं. दिवस कलायला लागला होता. माणसं वळून वळून मागची धूळ बघत होती. पाटील घोड्यावरून उतरून पुढं गेले आणि म्हणाले, काकू, अंधाराच्या आत सरहद्द गाठायचीय, जरा बाजूला व्हा, गाडी जरा जोरात जाऊ द्या. मागून आणखी दोघा-चौघांनी आवाज दिले. कुणी चिडून, कुणी रडकुंडीला येऊन.

काकूंनी मागं पाहिलं नाही. "हिला हिसका बसता कामा नये," एवढं म्हणाल्या.

आमची गाडी फाट्यावर वळली तेव्हा मी उलटी बसून बघत राहिले. ती लांबलचक रांग, पाटलांचा घोडा, देशमुखांची दमणी, सगळी जिवाच्या भीतीनं पळणारी माणसं, एका म्हाताऱ्या बाईच्या चालीनं, पाऊल पाऊल पुढं सरकत होती.